‘उपकरण दिसत नाही’ : दोष बहुधा बोर्डात नसतो

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिरपूरच्या बाजारपेठेत माझे विद्युत उपकरणे दुरुस्त करण्याचे छोटे दुकान आहे. पूर्वी माझ्याकडे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर येत, मग मोटारींचे स्टार्टर येऊ लागले आणि आता विहिरीची पाणीपातळी किंवा जमिनीतला ओलावा नोंदवणारे डबे येतात. या डब्यांबाबत एकच तक्रार मी गेल्या दोन उन्हाळ्यांत इतक्या वेळा ऐकली आहे, आणि तिच्यापायी शेतकऱ्यांचा व शाळांचा पैसा विनाकारण जाताना इतक्या वेळा पाहिला आहे, की तिच्याविषयी आपल्या दैनिकातून सविस्तर लिहावे असे वाटले. तक्रार अशी, की डबा यूएसबी केबलने संगणकाला जोडला, संगणकावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) आहे, डब्यात विहिरीची खोली, नोंदींमधले अंतर, घड्याळाची वेळ वगैरे भरून देणारे सॉफ्टवेअर उघडले, पण त्यातल्या उपकरणांच्या यादीत काहीच येत नाही. यापुढचा निकाल ठरलेला असतो : ‘बोर्ड गेला’, म्हणजे डब्यातले सर्किटच बिघडले. क्वचित दुसरा निकाल मिळतो : ‘लिनक्स काढा आणि विंडोज टाका.’ माझ्या टेबलावर हे दोन्ही निकाल बहुतेक वेळा खोटे ठरले आहेत.

खेड्यापाड्यांत लिनक्स कुठून आले, असे काही वाचकांना वाटेल. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही. त्यामुळे कार्यालयांतून बाद झालेले आणि मुलांच्या शिक्षणासाठी सेकंडहँड घेतलेले लॅपटॉप आता उबंटू किंवा लिनक्स मिंट हे लिनक्सचे प्रकार टाकून चालवले जातात. ही यंत्रे चांगली चालतात. अडतात ती नेमकी यूएसबीने जोडलेल्या उपकरणाची सेटिंग करायची वेळ आली की.

एक प्रसंग सांगतो. चैत्र संपत आला होता, विहिरी तळाला लागल्या होत्या आणि तालुक्यातल्या एका गावाहून एक तरुण शेतकरी पिशवीत डबा, केबल आणि लॅपटॉप घेऊन दुकानात आला. मी सवयीने ‘काय व्हयनं भाऊ?’ असे विचारले, तेव्हा त्याने डबा विकणाऱ्याने दिलेली चिठ्ठीच पुढे केली. तिच्यावर नव्या बोर्डाची किंमत लिहिलेली होती. डब्याचा हिरवा दिवा लागत होता. सॉफ्टवेअर उघडून पाहिले तर पोर्ट निवडायची जागा रिकामी होती. मी ते सॉफ्टवेअर बंद केले, टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडले, ‘डीमेसेज’ ही कमांड चालू ठेवली, केबल एकदा काढली आणि पुन्हा लावली. ही कमांड म्हणजे लिनक्सच्या कर्नेलची, म्हणजे त्याच्या गाभ्याची, रोजनिशी होय. कुठले उपकरण कधी आले, कुठे बसले, का गेले, हे त्यात एकेका ओळीने लिहिले जाते. आमच्या डोळ्यांसमोर ओळी उमटल्या. नवे उपकरण आले, त्यातली यूएसबी आणि बोर्ड यांच्यात दुभाष्याचे काम करणारी चिप सीएच३४० आहे हे ओळखले गेले, तिला ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ हे नाव मिळाले, आणि लगेच पुढच्याच ओळीत ‘बीआरएलटीटीवाय’ नावाच्या कोणा प्रोग्रामने ते उपकरण ताब्यात घेतल्याचे व मिळालेले नाव रद्द झाल्याचे लिहिले होते. बोर्ड जिवंत होता आणि त्याने आपले नावही सांगितले होते. दुसऱ्याच कोणीतरी त्याचा हात धरून त्याला बाजूला नेले होते.

हा ‘दुसरा कोणीतरी’ कोण, ते पुढे सांगतो. आधी हे नोंदवतो, की विकणाऱ्याने निकाल दिला तो दिवा आणि रिकामी यादी एवढ्या दोनच गोष्टी पाहून, आणि एके काळी मीही तसाच निकाल देत असे. एका शाळेच्या प्रयोगशाळेतला असाच एक बोर्ड मी ‘गेला’ म्हणून बाजूला टाकला होता आणि त्याची यूएसबी चिप बदलण्यात अर्धा दिवस घालवला होता. नवी चिप लावूनही तो दिसेना, तेव्हा केबल बदलून पाहिली आणि तो दिसला. जुनी चिपही बहुधा ठीकच होती.

म्हणून पहिला संशय केबलवर घ्यावा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळ्या तारेतून पाच व्होल्टचा वीजपुरवठा होतो, तर पांढऱ्या आणि हिरव्या तारेतून माहिती जाते-येते. स्वस्त चार्जरबरोबर किंवा हेडफोनबरोबर मिळणाऱ्या पुष्कळ केबलमध्ये पांढरी आणि हिरवी तार नसतेच. अशा केबलने डब्याचा दिवा लागतो, डब्यातली बॅटरीही चार्ज होते, पण संगणकाला काही जोडले गेल्याचा पत्ताच लागत नाही. कर्नेलची रोजनिशी अशा वेळी कोरी राहते, आणि हीच खूण आहे. केबल लावूनही एकही ओळ उमटली नाही तर सॉफ्टवेअर, परवानगी, ड्रायव्हर यांतल्या कशाचाही विचार करू नये आणि आधी केबल बदलावी. ज्या केबलने मोबाइलमधले फोटो संगणकात उतरवता येतात, ती चारही तारांची आहे हे नक्की. माझ्या दुकानात फक्त चार्जिंगच्या निघालेल्या केबलची टोके मी कात्रीने कापून टाकतो, कारण ठेवल्या तर त्या फिरून पुन्हा टेबलावर येतात.

केबल चांगली असूनही रोजनिशीत ‘डिस्क्रिप्टर रीड’ या शब्दांपाशी ‘एरर उणे ७१’ किंवा ‘उणे ११०’ असे आकडे दिसत असतील, तर संगणकाला उपकरणाची चाहूल लागली आहे, पण दोघांचे बोलणे जुळत नाही असे समजावे. पहिला आकडा संवादातल्या बिघाडाचा आहे आणि दुसरा ठरल्या वेळात उत्तर न मिळाल्याचा. अशा वेळी मधला हब काढून डबा थेट लॅपटॉपला लावावा, दुसरा पोर्ट पाहावा आणि सॉकेटमध्ये डोकावावे. आमच्याकडच्या शेतातून आलेल्या डब्यांच्या सॉकेटमध्ये कपाशीचे तंतू, माती आणि कधी कधी मुंग्यांची अंडीसुद्धा निघतात. लाकडी दात-कोरणीने आणि कोरड्या ब्रशने ती साफ होतात. त्यासाठी सुई वापरू नये. केबलच्या लांबीचाही विचार करावा. यूएसबी २.० साठी एका केबलची मर्यादा पाच मीटर आहे. विहिरीच्या काठापासून मोटारीच्या खोलीपर्यंत एकाला एक जोडून ओढलेल्या तारांवर डबा कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, याचे नवल वाटायला नको. विजेचेही तसेच आहे. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो. डब्याला जोडलेले सेन्सर आणि मोबाइल सिमचा मोडेम मिळून त्याहून जास्त ओढत असतील, तर डबा सुरू होताना मान टाकतो आणि पुन्हा सुरू होतो. रोजनिशीत मग ‘जोडले’ आणि ‘तुटले’ अशा जोड्या एकाखाली एक दिसू लागतात.

थोडे विषयांतर करतो. यूएसबीचा पहिला आराखडा जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो घडवण्यात इंटेलमधल्या ज्या अभियंत्याचा मोठा वाटा होता, ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. आणि ज्या सयाजीरावांचे नाव त्या विद्यापीठाला आहे, ते आमच्या खानदेशाच्या वेशीवरच्या, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. कवळाण्यापासून निघालेला धागा असा आमच्या टेबलावरच्या केबलपर्यंत येऊन पोचतो, हे मी गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगतो. त्याने केबल दुरुस्त होत नाही, पण वाट पाहणाऱ्याचा वेळ बरा जातो.

मूळ मुद्द्याकडे येतो. रोजनिशीत उपकरण आले आणि टिकले, तर ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्यावी. जोडलेल्या प्रत्येक उपकरणासमोर ती दोन भागांचा एक क्रमांक दाखवते. त्यातला पहिला भाग बनवणाऱ्या कंपनीचा असतो आणि दुसरा त्या वस्तूचा. सीएच३४० चिपचा नेहमी आढळणारा क्रमांक १ए८६:७५२३ असा आहे, सीपी२१०२ चा १०सी४:ईए६० असा, तर एफटीडीआय कंपनीच्या प्रसिद्ध चिपचा ०४०३:६००१ असा. या क्रमांकावरून डब्याच्या आत काय आहे ते झाकण न उघडता कळते, आणि पुढे परवानगीचा नियम लिहायचा तर तोच उपयोगी पडतो. एसटीएम३२ जातीच्या कंट्रोलरवर चालणाऱ्या बऱ्याच बोर्डांची गोष्ट मात्र जरा अवघड आहे. नेहमीच्या कामात त्यांचा क्रमांक ०४८३:५७४० असतो, आणि फर्मवेअर (बोर्डातच बसवलेला प्रोग्राम) बदलण्यासाठी बटण दाबून बूट केले की तोच बोर्ड ०४८३:डीएफ११ म्हणून समोर येतो. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी उपकरणे आहेत. त्यामुळे सेटिंग वाचता येते, पण फर्मवेअर चढवताना बोर्ड ‘हरवतो’, आणि माणूस पुन्हा बोर्डालाच दोष देतो. एकाच माणसाला शाळेच्या हजेरीपटावर एक नाव आणि घरी दुसरे असावे, तसा हा प्रकार आहे. परवानगी दोन्ही नावांनी घ्यावी लागते.

परवानगीचा भाग जरा विस्ताराने लिहितो, कारण लिनक्सवरच्या निम्म्याहून जास्त तक्रारी मला इथेच सापडल्या आहेत. अशा वेळी यादीत पोर्ट दिसतो, पण ‘कनेक्ट’ दाबले की ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश येतो. काही सॉफ्टवेअर तेवढेही बोलत नाहीत. उघडता न येणारा पोर्ट ती यादीतूनच गाळून टाकतात, आणि नेमकी हीच गोष्ट माणसाला बोर्ड मेल्याच्या निष्कर्षाकडे नेते. लिनक्समध्ये असे उपकरण म्हणजे ‘डेव्ह’ नावाच्या फोल्डरमधली एक फाइल असते, आणि ती कोणी उघडावी हे मालक आणि गट यांवरून ठरते. उबंटू, मिंट आणि डेबियन यांत अशा सीरियल पोर्टांचा गट ‘डायलआऊट’ नावाचा आहे. टेलिफोनवरून मोडेमने नंबर फिरवायचे दिवस गेले, पण गटाचे नाव तेच राहिले. आर्च लिनक्समध्ये त्याच कामाच्या गटाला ‘यूयूसीपी’ म्हणतात. आपले खाते या गटात घातले आणि एकदा पूर्ण लॉगआऊट होऊन पुन्हा लॉगिन केले, की काम होते. हे लॉगआऊट लोक विसरतात. खाते गटात घातल्यावर फक्त सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडल्याने काही होत नाही, कारण गटांची यादी लॉगिनच्या वेळी वाचली जाते.

खाते गटात घालण्याच्या कमांडमध्ये एक खड्डा आहे. त्यात पडलेले एक शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. ‘यूजरमॉड’ या कमांडला छोटा ए आणि मोठा जी ही दोन्ही अक्षरे जोडून द्यायची असतात. मोठ्या जीने गट ठरतो आणि छोट्या एने तो आधीच्या गटांत भर म्हणून घातला जातो. गुरुजींनी कुठूनतरी उतरवून घेतलेल्या कागदावर छोटा ए पुसट झाला होता. त्यांनी तो न लिहिता कमांड दिली. त्यामुळे त्यांचे खाते ‘डायलआऊट’मध्ये गेले, पण बाकी सगळ्या गटांतून, अगदी प्रशासनाचे अधिकार देणाऱ्या ‘सुडो’ गटातूनही, बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बोर्ड झकास दिसत होता, पण संगणकावर नवे काही बसवायचा अधिकार कोणालाच उरला नव्हता. तो परत मिळवण्यासाठी संगणक रिकव्हरी मोडमध्ये सुरू करून खाते पुन्हा त्या गटात घालावे लागले. कमांड देण्याआधी आपण कोणकोणत्या गटांत आहोत हे ‘ग्रुप्स’ एवढाच शब्द टाइप करून पाहून ठेवावे, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

याच्या उलट टोकाला दोन वाईट सवयी आहेत. पहिली सवय म्हणजे सॉफ्टवेअर थेट ‘सुडो’ लावून रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवणे. तसे केल्याने त्या दिवसापुरते काम होते खरे, पण सॉफ्टवेअर आपल्या सेटिंगच्या फाइली रूटच्या नावाने लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी साध्या खात्याने उघडले की त्याला स्वतःच्याच फाइली बदलता येत नाहीत. एक दुखणे जाऊन दुसरे येते. दुसरी सवय पोर्टाच्या फाइलीला ‘सीएचमॉड ७७७’ करण्याची. ही परवानगी केबल काढेपर्यंतच टिकते, कारण केबल काढली की ती फाइल नाहीशी होते आणि पुन्हा लावली की नवी तयार होते. शेतात दर आठवड्याला डबा जोडणाऱ्याने दर आठवड्याला हीच कमांड द्यायची, याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

सीरियल पोर्ट नसलेल्या, म्हणजे कीबोर्ड-माऊसच्या जातीचे म्हणून ओळख देणाऱ्या उपकरणांना ‘डायलआऊट’ गटाचा उपयोग नसतो. त्यांची फाइल ‘एचआयडी-रॉ’ नावाने तयार होते आणि ती सहसा फक्त रूटला उघडता येते. अशा उपकरणांसाठी ‘यूडेव्ह’चा, म्हणजे उपकरण जोडले की त्याची फाइल आणि परवानगी ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, नियम लिहावा लागतो. नियम म्हणजे एका छोट्या फाइलमधली एक ओळ असते. या कंपनीचे आणि या क्रमांकाचे उपकरण आले तर संगणकासमोर बसलेल्या माणसाला ते वापरू द्यावे, एवढाच तिचा अर्थ. त्यासाठीची खूण ‘यूअॅक्सेस’ अशी आहे. इथेही एक बारीक खोच आहे आणि तिने माझी एक अख्खी दुपार खाल्ली आहे. नियमांच्या फाइली नावातल्या अंकांच्या क्रमाने वाचल्या जातात. ‘यूअॅक्सेस’ या खुणेवर प्रत्यक्ष अंमल करणारी फाइल ७३ क्रमांकाची असते, म्हणून आपल्या फाइलचे नाव ७३ पेक्षा लहान अंकाने, समजा ७० ने, सुरू व्हायला हवे. पुष्कळ ठिकाणी ९९ ने सुरू होणारे नाव द्यायला सांगितलेले असते. तसे केले तर नियमात एकही चूक नसताना परवानगी मिळत नाही, कारण अंमलदार येऊन गेल्यावर अर्ज दाखल होतो. नियम लिहून झाला की ‘यूडेव्हएडीएम’ला नियम पुन्हा वाचायला सांगावे, केबल काढावी आणि परत लावावी.

आता चैत्रातल्या त्या डब्याचा हात धरणाऱ्याविषयी. ‘बीआरएलटीटीवाय’ हा दृष्टिहीन व्यक्तींसाठी असलेला प्रोग्राम आहे. ठिपके वर-खाली करून ब्रेल अक्षरे उमटवणारी जी पट्टी संगणकाला जोडतात, ती तो चालवतो. अशा एका ब्रेल उपकरणाचा यूएसबी क्रमांक आणि आमच्या सीएच३४० चिपचा नेहमीचा क्रमांक एकच आहे. त्यामुळे एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबंटू २२.०४ मध्ये हा प्रोग्राम सीएच३४० असलेला कोणताही डबा ब्रेल पट्टी समजून ताब्यात घेऊ लागला, आणि त्या आवृत्तीवर किंवा तिच्यावर आधारलेल्या मिंटवर चालणाऱ्या यंत्रांवर हा अनुभव अनेकांना आला. त्या तरुणाच्या लॅपटॉपवर ब्रेलचे काही काम नव्हते. म्हणून मी तो प्रोग्राम काढून टाकला, केबल लावली, आणि सॉफ्टवेअरच्या यादीत पोर्ट आला. या सगळ्याला चहा निवायलाही वेळ मिळाला नाही. मात्र एक गोष्ट आवर्जून लिहितो. शाळेतल्या किंवा महाविद्यालयातल्या सामाईक संगणकावरून हा प्रोग्राम सरसकट काढू नये. त्या संगणकावर एखादा दृष्टिहीन विद्यार्थी काम करत असेल, तर आपल्या डब्यासाठी आपण त्याचे अक्षरच पुसून टाकू. तिथे त्या प्रोग्रामच्या नियमांच्या फाइलमधली १ए८६:७५२३ या क्रमांकाची तेवढी ओळ निष्क्रिय करावी, म्हणजे दोघांचेही चालते.

दुसरा हात धरणारा म्हणजे ‘मोडेम-मॅनेजर’. सिमकार्डचे डोंगल चालवणे हे त्याचे काम. ‘टीटीवाय-एसीएम’ नावाने येणारी काही उपकरणे त्याला मोडेमसारखी भासतात. मग तो त्यांना मोडेमच्या भाषेत प्रश्न विचारत बसतो आणि तेवढा वेळ आपल्या सॉफ्टवेअरला ‘डिव्हाइस बिझी’ असे उत्तर मिळते. थोडे थांबून पुन्हा ‘कनेक्ट’ दाबले आणि ते झाले, तर संशय याच्यावर घ्यावा. ज्यांच्या घरी डोंगलवर इंटरनेट आहे त्यांनी मोडेम-मॅनेजर काढू नये. या उपकरणाकडे दुर्लक्ष कर, असे सांगणारी एक ओळ यूडेव्हच्या त्याच नियमात घालता येते. आणि तिसरा हात धरणारा आपण स्वतः असतो. दुसऱ्या खिडकीत सीरियल मॉनिटर (बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणारा प्रोग्राम) उघडा ठेवून इकडे कॉन्फिगरेशनचे सॉफ्टवेअर चालवणारे विद्यार्थी मी इतके पाहिले आहेत, की आता मी आधी उघड्या खिडक्या मोजतो.

हल्ली कॉन्फिगरेशनची काही सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतात. त्यांच्यासाठी सहसा क्रोम किंवा क्रोमियम लागतो, आणि तो ब्राउझर स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या प्रकारे बसवलेला असेल तर त्याच्याभोवती कुंपण असते. उपकरणापर्यंत पोचण्याची मुभा त्याला वेगळी द्यावी लागते. ती देण्याची खटपट न करता तोच ब्राउझर साध्या पॅकेजमधून बसवून पाहणे मला सोपे वाटते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज चालवून त्यातून डबा जोडू पाहणाऱ्यांनी आपले खाते ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात आहे ना, एवढे पाहावे.

आता ज्यांच्यासाठी हे पत्र आहे त्यांच्याकडे वळतो. असे डबे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांनी आपल्या वस्तूचा यूएसबी क्रमांक डब्याच्या पाठीवर छापावा, असे मला वाटते. अनुक्रमांकाच्या स्टिकरवर त्याला दोन बोटे जागा पुरते. लिनक्ससाठी लागणारी एका ओळीची नियमाची फाइल सॉफ्टवेअरबरोबर द्यावी आणि ती बसवताना आपोआप योग्य जागी जावी. एवढ्याने माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइके कमी होतील, आणि ती कमी झाली तर मला वाईट वाटणार नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना विनंती अशी, की उघडता न आलेला पोर्ट यादीतून गाळू नये. तो दाखवावा आणि ‘परवानगी नाही’ किंवा ‘दुसरा प्रोग्राम वापरत आहे’ असे त्याच्यापुढे साध्या शब्दांत, शक्य तर मराठीत, लिहावे. रिकामी यादी फार दिशाभूल करते. डब्याबरोबर जी केबल देतात ती चारही तारांची असावी, हे खरे तर सांगावे लागू नये.

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब अनेक शाळांमध्ये आल्या आहेत. त्यांत अर्डुइनोसारखे बोर्ड, सेन्सर असे सगळे साहित्य आहे. आयटीआयमध्येही विद्यार्थी असेच बोर्ड हाताळतात. तिथे दिवा लावण्या-विझवण्याचा प्रोग्राम पहिल्याच दिवशी शिकवला जातो. त्याच्या जोडीला एक तास कर्नेलची रोजनिशी वाचायला शिकवावी. एक चार्जिंगची केबल, एक चांगली केबल आणि परवानगी काढून घेतलेला एक संगणक एवढे साहित्य त्याला पुरते. तिन्ही वेळा स्क्रीनवर काय उमटते आणि काय उमटत नाही, हे मुलांनी स्वतः पाहून वहीत उतरवावे. मोटार चालत नाही म्हणताच आमच्याकडचा दहा वर्षांचा मुलगाही आधी फेज आहे का ते पाहतो, स्टार्टर खोलायला धावत नाही. यूएसबीच्या बाबतीतही हीच समज यायला हरकत नाही.

विकणाऱ्यांच्या प्रतिनिधींवर माझा राग नाही. त्यांना विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर दाखवायला शिकवलेले असते आणि दिवसाला चार गावे गाठायची असतात. पण ग्राहकाला नव्या बोर्डाची किंमत लिहून देण्याआधी निदान दुसऱ्या केबलने आणि दुसऱ्या संगणकावर डबा जोडून पाहावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. शेतकऱ्यांनीही तशी मागणी करावी, आणि बोर्ड बदलून घेतला तर जुना बोर्ड परत मागून घ्यावा. तो आपल्या पैशाचा असतो आणि पुष्कळदा चांगलाच असतो.

चैत्रात आलेला तो डबा पुन्हा विहिरीवर बसला आहे. पहिल्या पावसानंतर तो तरुण लॅपटॉपसह दुकानात आला होता, तक्रार घेऊन नव्हे, तर विहिरीचे पाणी एका रात्रीत किती चढले त्याचा आलेख दाखवायला. त्याच्या खिशात विकणाऱ्याची ती चिठ्ठी अजून होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने १ए८६:७५२३ हा क्रमांक लिहून ठेवला होता.

आपला,
एक वाचक व दुरुस्ती कारागीर,
शिरपूर, जि. धुळे